कुणाची पाळी?

सुरतेत लिंबायतला एक चाळ आहे. सोळा खोल्या, मधे अंगण, अंगणाच्या टोकाला पाण्याची सामाईक टाकी. माणसं बहुतेक खानदेशातली. कुणी अमळनेरचं, कुणी शिरपूरचं, कुणी नंदुरबारकडच्या खेड्यातलं. भुसावळ-सुरत गाडीने उधन्याला उतरली आणि लूमवर, साडीच्या कामावर कायमची राहिली. तापीच्या वरच्या अंगाला जन्मून तापीच्याच खालच्या अंगाला वसलेली ही माणसं. पाण्याचं भय त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बराचसा भाग बुडाला होता, त्याच्या गोष्टी चाळीत अजून निघतात. पावसाळ्यात मिठी खाडी फुगली की पाणी गल्लीच्या तोंडाशी येतं. म्हणून मुलांना एकच सक्त ताकीद होती: खाडीकडे फिरकायचं नाही, तापीच्या काठी जायचं नाही.

त्या चाळीतली छकुली बुडाली ती खाडीत नाही, तापीतही नाही. स्वतःच्या घरातल्या मोरीत, कापलेल्या निळ्या ड्रममध्ये.

मे महिना होता. सकाळचे दहा वाजले असतील. घरात पाच मोठी माणसं होती, हे नीट ध्यानात ठेवा. आई दाराशी बसून साड्यांचे सुटे धागे कापत होती. गठ्ठा न्यायला संध्याकाळी माणूस येणार होता. सासू गॅसपाशी. काका रात्रपाळी करून आलेला, पंख्याखाली आडवा, पण जागा. पारोळ्याहून आत्या लग्नाची पत्रिका घेऊन आली होती. बाप उंबऱ्यावर उभा राहून मोबाइलवर शेठशी बोलत होता. आईला वाटलं, छकुली सासूपाशी आहे. सासूला वाटलं, आत्याच्या मांडीवर आहे. आत्याने तिला खाली सोडलं, कारण बाप समोरच दिसत होता. बापाला वाटलं, घरात एवढी माणसं आहेत. काकाने तर तिला मोरीकडे दुडदुडत जाताना पाहिलंही होतं.

कपडे धुऊन झाल्यावर फरशी पुसायला म्हणून ड्रममध्ये दोन वीत पाणी राखून ठेवलं होतं. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. काठावर पोट टेकवून ते आत वाकलं आणि तोल गेला, की पाय वर होतात, आणि स्वतःला मागे रेटायचं बळ त्या हातांत नसतं. ओरडायला आधी श्वास लागतो, तोच नसतो. सिनेमात बुडणारा माणूस हात उंचावून हाका मारतो. खरं बुडणं बहुतेक वेळा गुपचूप होतं. मोरी आणि आई यांच्यामध्ये फक्त एक कापडी पडदा होता. आईला स्वतःच्या कात्रीची कचकच ऐकू येत होती, मोरीतून काहीच नाही.

नऊ वर्षांचा थोरला भाऊ हात धुवायला आत गेला आणि किंचाळला.

पुढचं सगळं अंगणात झालं. छकुलीचे ओठ निळे पडले होते, मान लुळी, श्वास बंद. एकाने तिला पायांना धरून उलटं टांगलं. दुसरा म्हणाला, डोक्यावर घेऊन गरगर फिरवा, आमच्या गावाकडे असंच पाणी काढतात. तिसरी मिठाची पिशवी आणायला धावली; बुडालेल्याला मिठात पुरलं की तो उठून बसतो, असं तिने मोबाइलवर पाहिलं होतं. या माणसांच्या मायेत काही खोट नव्हती. पण त्यांच्या प्रत्येक उपायात वेळ जात होता, आणि तो छकुलीचा वेळ होता. बुडालेल्याच्या पोटातून पाणी काढणं हा इलाजच नव्हे. त्याला कमी पडलेली असते हवा. चार ते सहा मिनिटं मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर होणारी हानी बहुधा भरून येत नाही.

शेवटच्या खोलीत शाळेच्या बाई राहतात. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतात. सुट्टी असल्यामुळे घरीच होत्या. डिसेंबर 2023 मध्ये गुजरात सरकारने राज्यभरातल्या शिक्षकांना वैद्यकीय महाविद्यालयांत बोलावून सीपीआर शिकवलं होतं, म्हणजे बंद पडलेला श्वास आणि हृदय हाताने चालू ठेवायची रीत. रबरी पुतळ्याची छाती दाबून बाकीचे जेवायला गेले, तेव्हा बाईंनी डॉक्टरांना थांबवून विचारलं होतं, “आमच्याकडे सगळी लहान मुलं. त्यांचं कसं करायचं? आणि बुडालेल्याचं?” डॉक्टरांनी त्यांना पुन्हा पुतळ्यापाशी नेलं होतं. अशा वेळी एक जास्तीचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे उपकार किती लोकांवर होतात, ते त्याला स्वतःलाही कळत नाही.

“खाली ठेवा तिला. उताणी. फरशीवर.” आवाज वर्गातला होता, म्हणून ऐकला गेला. “भाऊ, तुम्ही 108 लावा, स्पीकरवर ठेवा आणि पत्ता सांगा. बाकीचे मागे व्हा.”

बाईंनी छकुलीच्या कपाळावर हात ठेवून डोकं जरा मागे कलतं केलं, दोन बोटांनी हनुवटी उचलली. गालाशी कान नेऊन, छातीकडे बघत अंदाज घेतला. श्वास नव्हता. नाक चिमटीत धरलं, तोंडावर तोंड घट्ट टेकवलं आणि हळू फुंकर घातली, छाती वर आलेली दिसेल एवढीच. लहान मुलाच्या छातीत मोठ्या माणसाची पुरती फुंकर मावत नाही. अशा पाच. हृदयाचा ठोका बंद पडलेल्या मोठ्या माणसाच्या बाबतीत आधी छाती दाबतात. बुडालेल्याच्या बाबतीत आधी श्वास, कारण त्याचा घात हवेवाचून झालेला असतो. मग बाईंनी एका तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवली, कोपर सरळ केलं आणि दाबायला लागल्या. छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं खोल, म्हणजे एवढ्या मुलाला सुमारे पाच सेंटिमीटर. मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने. मोठ्याने मोजत होत्या. तीस झाले की दोन फुंकरी, पुन्हा तीस. एक आजी ओरडली, “अगं, बरगड्या मोडतील पोरीच्या!” बाईंनी मान वर केली नाही. वर्षाच्या आतलं बाळ असतं तर दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी दाबावं लागलं असतं. हेही त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या फेरीच्या अखेरीस छकुलीच्या घशातून घरघर आली आणि उलटी झाली. बाईंनी लगेच तिला कुशीवर वळवलं, बोटाने दिसेल तेवढं तोंड साफ केलं. मग ती रडली. बारीक, चिडकं, नेहमीचं रडणं.

ओला फ्रॉक काढून तिला गुंडाळायला हाताशी काही नव्हतं. आईने गठ्ठ्यातली शेठची साडी ओढली. त्या साडीचे पैसे कापले जाणार हे तिला त्या क्षणीही माहीत असणार. तिने वर आणखी दुसरी साडी लपेटली.

रुग्णवाहिका आली तेव्हा छकुली आईच्या गळ्याला मिठी मारून होती. “आता कशाला दवाखाना? बरी झाली की,” असं दोघं-तिघं म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. फुप्फुसात गेलेलं थोडं पाणीही काही तासांनी त्रास देऊ शकतं, त्यामुळे शुद्धीवर आलेल्यालाही डॉक्टरांना दाखवावंच लागतं. स्मीमेर रुग्णालयात तिला रात्रभर नजरेखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती केळं खात घरी आली.

त्या संध्याकाळी चाळ अंगणात जमली, आणि जे होतं तेच झालं. सगळे आईवर तुटून पडले. आईचं लक्ष नको का? सासू बोलली, आत्या बोलली, शेजारी बोलले. नवराही मान खाली घालून “तूच जवळ होतीस” म्हणाला. ती काही बोलली नाही. तिच्या बोटांना कात्रीचे घट्टे होते आणि त्या सकाळी तिने पाणी भरलं होतं, कपडे धुतले होते, मुलाला न्हाऊ घातलं होतं, मग गठ्ठा पुढ्यात घेतला होता. मला विचाराल तर त्या अंगणात सगळ्यात कमी दोष तिचा होता.

चाळीतले वयाने सगळ्यात मोठे आप्पा. चाळीस वर्षं लूम चालवून बसलेले. इतका वेळ ते ऐकत होते. मग त्यांनी काकाला विचारलं, “बाळा, काल रात्री तुझ्याकडे लूम किती होते?”

“आठ, आप्पा.”

“सकाळी पाळी संपली. समोरचा बदली माणूस आला नाही. तू काय केलं असतंस?”

“थांबलो असतो. चालते लूम सोडून कसं येणार? धागा तुटला तर सगळं कापड वाया जाईल.”

“आणि तिथे दहा माणसं उभी असली तर? कुणीतरी बघेल म्हणून आला असतास?”

“नाही. ज्याची पाळी त्यानेच बघायचं. दुसऱ्याला सांगून, दाखवून, मगच निघायचं.”

“मग काल सकाळी पोरीची पाळी कुणाची होती?”

कुणी बोलेना. पाच माणसं घरात होती आणि पाळी एकाचीही नव्हती. आप्पा म्हणाले, “सगळ्यांनी बघायचं म्हणजे कुणीच बघायचं नाही. शेठच्या कापडाला आपण एक माणूस नेमून देतो. पोरांना नेमत नाही.”

बाईंना हरणीची आठवण झाली. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. नावेत मावतील त्याहून जास्त माणसं होती, आणि बऱ्याच मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. “मी त्या दिवशी रात्रभर जागी होते,” बाई म्हणाल्या. “नाव सुटण्याआधी एकेका मुलाचं जॅकेट ओढून बघणं हे ज्याचं एकमेव काम, असा एक माणूस काठावर लागतो. ते झाल्याशिवाय नाव सोडू देणार नाही म्हणणारा.”

दुसऱ्या दिवशी आप्पांनी एक लाल गमछा आणला. ज्याच्या खांद्यावर गमछा, त्याची पाळी. त्याने मुलांकडे बघायचं, दुसरं काही करायचं नाही. मोबाइल नाही, भाजी निवडणं नाही, गप्पा नाहीत. पाच वर्षांच्या आतलं मूल पाण्यापाशी असेल तर हात लांबवला की लागेल एवढ्याच अंतरावर बसायचं. उठायचं झालं तर दुसऱ्याच्या खांद्यावर गमछा ठेवून मुलं मोजून द्यायची, नावानिशी. दारू प्यालेल्याला पाळी नाही, आणि अठराच्या आतल्यालाही नाही. थोरल्या भावंडाच्या गळ्यात धाकटं बांधणं बंद.

हे बोलणं सोपं होतं. अडचण पैशाची होती, आणि ती सांगितली नाही तर ही गोष्ट खोटी ठरेल. सकाळी नऊ ते एक हीच बायकांच्या कामाची वेळ. धागे कापायचे, टिकल्या-स्टोन लावायचे, त्याचे पैसे नगावर. जी पाळीवर बसेल तिचे चार तास बुडणार. पहिल्या आठवड्यात दोघींनी गमछा घेतला आणि तिसरीने सरळ नाही म्हटलं. तिचंही खरं होतं. मग बाईंनी वाचलेली एक गोष्ट सांगितली. बांगलादेशात खेडोपाडी तळी, आणि लहान मुलं बुडतात ती बहुतेक आई कामात असते त्या सकाळच्या वेळात. तिथे गावातल्याच एका बाईच्या घरी सकाळी नऊ ते दुपारी एक मुलं ठेवायची सोय सुरू झाली. या सोयीला ‘आंचल’ म्हणतात. त्या मुलांमधलं बुडण्याचं प्रमाण 80 टक्क्यांहून जास्त घटलं. त्यासाठी कुठलं यंत्र लागलं नाही की औषध लागलं नाही. ठरलेल्या वेळेला ठरलेलं माणूस, एवढंच.

छकुलीची आई तोवर गप्पच होती. ती म्हणाली, “पाळीवर असेल तिचा गठ्ठा आपण वाटून घेऊ. सात बायका आहोत. एकेकीच्या वाट्याला किती येतील?” त्यांनी हिशोब केला. पाच-पाच, सहा-सहा साड्या. तिसरीने गमछा घेतला.

मग बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. वापर संपला की टब-बादली रिकामी करून पालथी घालायची. पिंपाला घट्ट झाकण. अंगणातल्या टाकीच्या झाकणाला कडी-कुलूप, आणि किल्ली उंचावर. मोरीला पडद्याऐवजी दार, आणि त्याला वरच्या बाजूला बाहेरून कडी. बाईंनी दर रविवारी अंगणात उशी मांडून सगळ्यांना तीस दाब, दोन फुंकरी शिकवायला घेतलं. पहिली पुढे आली ती बरगड्यांची काळजी करणारी आजी. गुडघे दुखायचे, म्हणून ती उशी पाटावर ठेवून दाबायची, आणि मोजताना वीस-एकवीसच्या पुढे अडखळायची. बाईंनी तिला दहाचे तीन वेळा मोजायला सांगितलं.

टाकीजवळच्या खिळ्याला एक दोर लटकला, त्याच्या टोकाला तेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन, झाकण घट्ट लावून. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तापीत सूर मारायची हौस. त्यांना हा कॅन बायकी वाटला. बाईंनी त्यांना 2023 सालची सुरतेचीच गोष्ट सांगितली. गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी डुमसच्या किनाऱ्यावर त्यांच्याच वयाच्या एका मुलाला लाटेने ओढून नेलं. घरच्यांनी आशा सोडली होती. त्या मुलाच्या हाताला विसर्जित मूर्तीची लाकडी चौकट लागली, तिला तो धरून राहिला. दिवस आणि रात्र समुद्रात काढल्यावर नवसारीकडच्या मासेमारांच्या बोटीला तो दिसला आणि जिवंत परत आला. “पोहून नाही वाचला,” बाई म्हणाल्या. “तरंगणारी वस्तू धरून वाचला. बुडणारा माणूस जवळ येणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. म्हणून उडी मारायची नाही. ओरडून माणसं जमवायची. काठावर पालथं पडून काठी, ओढणी, पँट, हाती येईल ते पुढे करायचं. नाही पोचलं तर हा फेकायचा. माणसाच्या अंगावर नको, त्याच्या डोक्यापलीकडे पडू दे, म्हणजे ओढताना दोर त्याच्या हाताशी येतो.” मुलांनी अंगणात फेकून पाहिला. पहिल्यांदा एकाचाही कॅन सरळ गेला नाही. आता शर्यती लावतात.

पाऊस सरल्यावर चाळ टेम्पो करून डुमसला गेली. तिथली वाळू काळी, भजी टोमॅटोची, आणि भरती खंबायतच्या आखातातली: पाणी ओसरलं की दूरवर चिखल उघडा पडतो, आणि परत येतं ते माणूस सावध व्हायच्या आत. आप्पांनी आदल्या दिवशीच भरतीची वेळ विचारून ठेवली होती. किनाऱ्यावर उतरल्यावर लोकांनी मानाने पहिला गमछा त्यांच्याच खांद्यावर ठेवला. आप्पांनी तो काढून काकाच्या हातात दिला.

“मला देऊ नका. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पाण्यावरची चमक आली की मला मुलं दिसत नाहीत.”

अख्ख्या चाळीसमोर आपल्याला दिसत नाही असं सांगणं म्हाताऱ्या माणसाला जड जातं. आप्पांनी ते सांगितलं म्हणून नंतर इतरांनाही सांगता आलं. कुणी म्हणालं, माझी रात्रपाळी झाली आहे, डोळे मिटतात. कुणी म्हणालं, मला शेठचा फोन येणार आहे, मला नको. भरतीची चाहूल लागायच्या अर्धा तास आधी मुलं रडत-भांडत पाण्याबाहेर काढली गेली.

छकुलीच्या आईने मात्र त्या दिवशी पाण्याकडे पाठ केली होती. तिचं माहेर तापीकाठचं. भावांना वडिलांनी नदीत टाकून पोहायला शिकवलं; तिला घाटाच्या पायऱ्यांवर धुणं धुण्यापुरतंच पाणी ठाऊक. तिने टेम्पोत बाईंना हळूच विचारलं, “मोठ्या बाईला शिकता येतं का हो?”

महापालिकेचे तरणतलाव शहरात आहेत. बाईंनी चौकशी केली, बायकांची वेळ निघाली. चाळीतल्या तिघी जायला लागल्या. पहिले काही दिवस तिने काठाचा दांडा सोडला नाही. शिकवणारी ताई तिला फक्त पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला लावायची. आता ती दांडा सोडते, पाठीवर तरंगते.

सासूला हे पसंत नव्हतं. एका दुपारी तिने दारातच अडवलं, “तू पोहायला जाशील, आणि भाकरी कुणी टाकायच्या?”

आप्पा ओट्यावर बसले होते. गुडघ्यावर हात टेकून उठले, आत आले, परात पुढ्यात ओढली आणि पीठ मागितलं.

“आज माझी पाळी,” म्हणाले. “जा तू, उशीर होतोय.”